मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल

दहावीचा निकाल लागला की ओळखीच्या घरांतून आमच्याकडे एकच प्रश्न येतो, “टीचर, अकरावीला गणित घ्यावं की सोडावं?” विचारणारे बहुतेक वेळा अम्मी-अब्बा असतात आणि मूल मागे गप्प उभं असतं. खरं सांगायचं तर घरात निर्णय आधीच झालेला असतो. गणित सोडायचंच असतं, फक्त ते आमच्या तोंडून ऐकायचं असतं. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर ‘टीचरच म्हणाल्या’ असं सांगता येतं. दारात उभ्या उभ्या दोन मिनिटांत द्यावं असं हे उत्तर नव्हे, म्हणून या महिन्यात त्यावर थोडं सविस्तर लिहीत आहोत.

अंधेरी आणि बोरिवलीच्या मधल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही गणित शिकवतो. त्याआधी काही वर्षं शाळेत नववी-दहावीला शिकवलं. आमचं स्वतःचं शिक्षण दहावीपर्यंत उर्दूतून झालं, पुढचं इंग्रजीतून, आणि मराठी तर शेजारपाजाऱ्यांची आणि बाजाराची भाषा म्हणून लहानपणापासूनच सोबत होती. त्यामुळे वर्गात बसलेली मुलं कुठून कशी आली आहेत हे आम्हाला त्यांची वही न बघताही कळतं.

मालाडच्या मालवणीतून, जोगेश्वरीच्या बेहरामबागेतून मुलं येतात. मेट्रो झाल्यापासून घाटकोपर आणि असल्फ्याहूनही येतात. वर्सोवा ते घाटकोपर ही मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. अंतर ११.४ किलोमीटर, वेळ साधारण २१ मिनिटं. सरासरी वेग किती? हे आमचं दरवर्षीचं पहिलं गणित. उत्तर ताशी साडेबत्तीस किलोमीटरच्या आसपास येतं. हेच गणित आम्ही रोजच्या बोलीत तोंडी विचारलं तर निम्मा वर्ग हात वर करतो. तेच इंग्रजी वाक्यात फळ्यावर लिहिलं तर चार-पाच हात वर होतात, बाकीचे एकमेकांच्या वहीत बघतात. आकडे तेच, मेट्रो तीच, मुलं तीच. मधल्या दहा मिनिटांत कुणाचं डोकं कमी झालेलं नसतं.

पहिल्या चाचणीचा धक्का

मुंबई महापालिका मराठी, उर्दू, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा आठ भाषांच्या माध्यमांतून शाळा चालवते. खासगी अनुदानित शाळांतही मराठी आणि उर्दू माध्यमाचे वर्ग आहेत. दहावीपर्यंत मूल आपापल्या भाषेत गणित शिकतं. अकरावी विज्ञानाला सगळ्यांना एकाच वर्गात बसवलं जातं आणि तो वर्ग इंग्रजीतून चालतो. काही शाळांतली मुलं सेमी-इंग्रजीतून आलेली असतात, त्यांना हा धक्का कमी बसतो. बाकीच्यांना दोन महिने नवीन विषय शिकतोय की नवीन भाषा, हेच उमगत नाही.

उर्दू माध्यमातल्या मुलाने दहा वर्षं ‘मुसल्लस’ म्हटलेलं असतं, मराठी माध्यमातल्याने ‘त्रिकोण’. अकरावीत तो ‘ट्रँगल’ होतो. एवढा शब्द तर सगळ्यांनाच ठाऊक असतो. पण निस्फ़ क़ुतर, त्रिज्या आणि रेडियस. नसबनुमा, छेद आणि डिनॉमिनेटर. मसावात, समीकरण आणि इक्वेशन. जज़र, मूळ आणि रूट, असे शब्द रोज नव्याने अंगावर येतात. त्यात आणखी एक मेख आहे. मराठीत काटकोन त्रिकोणाचाही ‘कर्ण’ आणि चौकोनाचाही ‘कर्ण’. इंग्रजीत एक हायपोटेनस, दुसरा डायगोनल. उर्दूत काटकोन त्रिकोणातही ‘वतर’ आणि वर्तुळातही ‘वतर’. इंग्रजीत वर्तुळातला कॉर्ड होतो. एका मुलीने आम्हाला भर वर्गात विचारलं होतं, “टीचर, वतर कुठला, मुसल्लसमधला की दायऱ्यातला?” वर्ग हसला. प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. तिला दोन्ही येत होते, म्हणून तर शंका आली.

काही शब्द ओळखीचे वाटतात आणि तेच फसवतात. मुंबईत ‘फंक्शन’ म्हणजे कुणाच्या तरी घरचं लग्न, अकीका नाहीतर साखरपुडा. ‘सेट’ म्हणजे चहाच्या कपांचा. ‘नॉर्मल’ म्हणजे डॉक्टरांनी रिपोर्ट बघून म्हणावं ते. गणिताच्या पुस्तकात हे तिन्ही शब्द वेगळ्याच कामाला लावलेले असतात, आणि ते शिक्षकाने सांगितल्याशिवाय मुलाला कळायचा मार्ग नाही.

पण आमच्या अनुभवात सर्वांत जास्त गुण जातात ते छोट्या शब्दांपायी. ‘ॲट लीस्ट’ आणि ‘ॲट मोस्ट’ बघा. तीन नाणी उडवली, ‘ॲट लीस्ट’ दोन छापे पडण्याची संभाव्यता किती? एकूण शक्यता आठ. दोन किंवा तीन छापे येण्याच्या चार. उत्तर अर्धा. मुलं लिहितात तीन अष्टमांश, कारण त्यांनी ‘नेमके दोन’ असं वाचलेलं असतं. असमीकरणांच्या गणितात ‘लीस्ट’ ऐकून ‘कमी’चं चिन्ह टाकतात आणि सगळा आलेख उलट्या बाजूला रंगवतात. आता याच मुलाला घरी अम्मी सांगते, “कम से कम दोन किलो तांदूळ आण.” तो कधी दीड किलो आणतो का? दोन आणतो, जमलं तर अडीच. म्हणजे ‘ॲट लीस्ट’ त्याला वाण्याच्या दुकानात पक्कं समजतं आणि प्रश्नपत्रिकेत समजत नाही.

दोन मुलं

काही वर्षांपूर्वी बेहरामबागेतून एक मुलगी आमच्याकडे आली. उर्दू माध्यम, दहावीला गणितात उत्तम गुण. अकरावीच्या पहिल्या चाचणीत तिला २५ पैकी ६ मिळाले. तिची अम्मी भेटायला आली. म्हणाली, “टीचर, हिला जमत नाही. रात्री रडत बसते. गणित काढून बायो द्या. मुलीच्या जातीला एवढं गणित लागतंय कशाला?”

आम्ही तीच प्रश्नपत्रिका घेतली आणि मुलीला शेजारी बसवलं. एकेक प्रश्न उर्दूत वाचून दाखवला, उत्तराची एक खूणही न देता. पाचपैकी चार प्रश्न तिने तिथल्या तिथे सोडवले. अम्मी शेजारच्या खुर्चीवर बसून हे बघत होती. तिला आकडे कळत नव्हते, पण मुलीचा पेन थांबत नाही हे दिसत होतं. थोड्या वेळाने ती फक्त एवढंच म्हणाली, “म्हणजे येतंय हिला.”

त्या दिवसापासून मुलीने एक वही केली. एका पानावर तीन रकाने : उर्दू, मराठी, इंग्रजी. रोज पाच शब्द. प्रत्येक शब्दापुढे एक लहानशी आकृती किंवा उदाहरण. दुसरा नियम असा की गणित सोडवण्याआधी पेन खाली ठेवायचा, प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि काय दिलंय, काय काढायचंय हे घरच्या भाषेत सांगायचं. सांगता आलं तरच पेन उचलायचा. दिवाळीपर्यंत तिची रात्रीची रडारड थांबली. बारावीला गणितात १०० पैकी ७१ मिळाले. याला कुणी चमत्कार म्हणू नये. ती रोज अर्धा तास जास्त बसली आणि घराने तिला चार महिने दिले, इतकंच. पुढे तिने संख्याशास्त्र घेऊन पदवी केली.

दुसरा मुलगा घाटकोपरहून मेट्रोने यायचा. घर कोकणातलं, आजोबांनी सारी उमर बोटीवर काढलेली. मुलाच्या मनातही मर्चंट नेव्हीच होती. त्याची पहिली चाचणी अशीच गेली. वडिलांनी सप्टेंबरातच विषय बदलून घेतला. आम्ही थांबा म्हटलं, पण ‘टक्केवारी घसरेल’ ही धास्ती मोठी होती. मुलगा बारावीला चांगल्या गुणांनी पास झाला. त्यानंतर बोटीच्या कोर्सची चौकशी केली तेव्हा कळलं की तिथे बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित तिन्ही हवेत. तो मुलगा आज नोकरी करतो, कमावतो, सुखी असावा अशी आमची दुआ आहे. पण आजोबांच्या वाटेवरचं ते दार अकरावीच्या सप्टेंबरात बंद झालं, आणि तेव्हा घरात कुणालाच त्याचा आवाज आला नाही.

दोन्ही मुलांची कुवत जवळपास सारखी होती. फरक पडला तो घराने किती दिवस वाट पाहिली याने.

शब्दांचा प्रवास

वर्गात मुलं आपल्या भाषेतला शब्द उच्चारायला लाजतात. ‘मसावात’ म्हटलं की मागून कुणीतरी खुदकन हसतं. अशा वेळी आम्ही पाठ्यपुस्तक मिटून पंधरा मिनिटं एक गोष्ट सांगतो.

इसवी सन ८२० च्या आसपास बगदादमध्ये, खलिफा मामूनच्या काळात, मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज़्मी यांनी एक ग्रंथ लिहिला. त्याच्या नावात ‘अल-जब्र’ हा शब्द होता. त्यावरूनच इंग्रजी अल्जिब्रा झाला. स्वतः ख्वारिज़्मींच्या नावावरून ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला, ज्यावर आज सगळे मोबाइल चालतात. याच ख्वारिज़्मींनी भारतीय अंकपद्धतीवरही लिहिलं आणि ते लॅटिनमधून युरोपात पोहोचलं. आपल्या ‘शून्य’साठी अरबांनी ‘सिफ़्र’ शब्द वापरला, त्या सिफ़्रमधूनच ‘झिरो’ आणि ‘सायफर’ निघाले.

त्याहून मजेशीर कथा ‘साइन’ची. संस्कृतात ज्या किंवा जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य आणि त्याची दोन टोकं जोडणारी रेषा म्हणजे दोरी. मराठी माध्यमाच्या भूमितीत आजही त्या रेषेला ‘जीवा’च म्हणतात. अरबांनी हा शब्द ‘जीबा’ असा घेतला. अरबीत स्वर लिहीत नाहीत, त्यामुळे पुढे वाचणाऱ्यांनी तो ‘जैब’ वाचला. जैब म्हणजे कपड्याची घडी, आपल्या बोलण्यातली ‘जेब’. बाराव्या शतकात युरोपातल्या भाषांतरकारांनी त्या घडीसाठी लॅटिन शब्द ठेवला ‘सायनस’, आणि त्याचा झाला ‘साइन’. म्हणजे कॅल्क्युलेटरवरचं ते बटण मुळात मराठी पुस्तकातली ‘जीवा’च आहे, वाटेत बगदादच्या खिशातून जाऊन आलेली.

आणि ‘वतर’? अरबीत त्याचाही अर्थ धनुष्याची दोरी. वर्गात हसं झालेल्या मुलीचा ‘वतर’ आणि शेजारच्या मराठी माध्यमातल्या मुलाची ‘जीवा’, दोन्ही एकाच धनुष्याच्या दोऱ्या निघाल्या. जज़र, मूळ आणि रूट या तिन्हींचा अर्थही झाडाचं मूळ हाच. हे कळल्यावर मुलं बिचकत नाहीत. आपला शब्द गावठी नाही, उलट या घराण्यातलाच आहे, असं त्यांना वाटायला लागतं.

आपल्या भाषांत वरचं गणित शिकवताच येत नाही, असं कुणी म्हटलं तर त्यालाही इतिहासात उत्तर आहे. कोकणातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत आणि त्यांनी कलनशास्त्रावर ‘शून्यलब्धि’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. दिल्ली कॉलेजात मास्टर रामचंद्र उर्दूतून गणित आणि विज्ञान शिकवत. कमाल आणि किमान मूल्यांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८५० साली निघाला आणि १८५९ मध्ये लंडनला पुन्हा छापला गेला. त्याला प्रस्तावना होती नामवंत गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांची. १९१८ मध्ये सुरू झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून उच्च शिक्षण दिलं जाई. त्यासाठी खास दारुल तर्जुमा उभारून गणिताची परिभाषा घडवली गेली.

आजच्या मुलांनी मागे फिरून उर्दूतूनच बीएससी करावी असं आम्ही सुचवत नाही. इंग्रजी यायलाच हवी, तिच्याशिवाय पुढे चालत नाही. पण पूल दोन्ही काठांवर टेकलेला असावा लागतो. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात व्ही. जी. कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर यांनी १९८० च्या आसपास हाच मुद्दा अभ्यासून मांडला होता. पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा ही गरीब घरातल्या, पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांपुढची मोठी भिंत असते, हे त्यांचं म्हणणं आम्हाला रोज वर्गात खरं होताना दिसतं.

घरातलं गणित

ख्वारिज़्मींच्या त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटणीवर आहे, हे सांगितलं की मुलं चमकतात. मग आम्ही फळ्यावर लिहितो : एका माणसाच्या पश्चात पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली. कर्ज आणि वसीयत वजा जाता उरलेल्या मालमत्तेची वाटणी करा. पत्नीला एक अष्टमांश. उरले सात अष्टमांश. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणजे चार भाग करून दोन मुलाचे आणि एकेक मुलींचा. मुलाला सात सोळांश, प्रत्येक मुलीला सात बत्तीसांश. छेद ३२ घेऊन बेरीज करा : ४ अधिक १४ अधिक ७ अधिक ७, बरोबर ३२. एकही कण उरत नाही, एकही कमी पडत नाही.

या गणिताला वर्गात कुणीही जांभई देत नाही. शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा आपापल्या घरचे वारस मांडून बघतात. एक मुलगी दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, “टीचर, माझ्या अम्मीला नानांच्या घरातून काहीच मिळालं नव्हतं. मी तिला तिचा हिस्सा काढून दाखवला.” अपूर्णांक कशाला शिकायचे, या प्रश्नाचं इतकं चांगलं उत्तर आम्हाला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं.

ज़कातीचा अडीच टक्के म्हणजे चाळीसावा हिस्सा, हे तर आपल्या घरातल्या अनपढ दादीलाही येतं. शिलाईकाम करणारी आई एका थानात किती कुर्ते बसतील हे नजरेनं सांगते. ‘आमच्या खानदानात कुणाला गणित येत नाही’ असं म्हणणाऱ्या घरांत आम्ही चहा प्यायलो आहोत आणि तिथे दर वेळी कुणी ना कुणी तोंडी हिशेब करणारं भेटलं आहे.

शिक्षकांची बाजू

दोष सगळा भाषेचा, असं म्हणून आम्ही मोकळे होणार नाही. पाढे कच्चे असतात, अपूर्णांक कच्चे असतात, हजेरी कमी असते. एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे अभ्यासाला कोपरा मिळत नाही. स्टाफरूममध्ये ‘उर्दू मीडियमवाल्यांचं गणित कच्चंच असतं’ हे वाक्यही आम्ही ऐकलं आहे. बोलणारे वाईट नसतात, पण वर्गात ऐंशी-शंभर मुलं असली की कोण न समजल्यामुळे गप्प आहे आणि कोण फक्त इंग्रजीमुळे, हे वेगळं काढायला सवड मिळत नाही.

या पेशात तरुण पिढीची स्थिती आणखी अवघड आहे. एमएस्सी, बीएड केलेली मुलं-मुली तासिका तत्त्वावर शिकवतात. सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी दुसऱ्या उपनगरात तीन तास, संध्याकाळी क्लासमध्ये. जेवढे तास तेवढे पैसे, आणि तेही कधी कधी महिनोन्‌महिने लांबतात. असा शिक्षक तास संपल्यावर थांबून एखाद्या मुलाला प्रश्न उर्दूत वाचून दाखवेल ही अपेक्षा कशी करायची? तरीही करणारे करतात. अलीकडे रमज़ान आणि बोर्डाची परीक्षा जवळजवळ एकत्र येतात. रोज़ा ठेवून असर आणि मग़रिबच्या दरम्यान उत्तरपत्रिका तपासणारे सहकारी आम्ही बघतो. एकेका वहीत कुठे अर्धा गुण देता येईल हे ते शोधत असतात.

याच शहरात, याच परिस्थितीतून गेलेला एक शिक्षक साऱ्या हिंदुस्तानला माहीत आहे, पण वेगळ्या कारणाने. कादर ख़ान. काबूलमध्ये जन्म, कामाठीपुऱ्यात बालपण, महापालिकेची शाळा, मग जोगेश्वरीचं इस्माईल युसूफ कॉलेज. सर मोहम्मद युसूफ यांच्या देणगीतून १९३० साली उभं राहिलेलं हे सरकारी कॉलेज आजही जोगेश्वरीच्या टेकडीवर आहे. सिनेमात जाण्याआधी कादर ख़ान भायखळ्याच्या साबू सिद्दीक कॉलेजात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकवत. लहानपणी वस्तीतल्या पोरांबरोबर मजुरीला निघालेल्या या मुलाला आईने अडवलं होतं आणि गरिबी संपवायची तर शिक, असं समजावलं होतं. ही आठवण ते मुलाखतींत सांगत. त्या दिवशीची दोन-तीन रुपयांची कमाई त्या माऊलीने सोडली. आमच्याकडे येणाऱ्या पालकांना आम्ही ही आठवण आवर्जून सांगतो.

मग घ्यावं की सोडावं?

आता मूळ प्रश्नाकडे. ज्या मुलाला मनापासून डॉक्टरकी, नर्सिंग किंवा जीवशास्त्र आवडतं, त्याने गणित खुशाल सोडावं. त्यात कमीपणा नाही. पण निव्वळ भीतीने सोडण्याआधी कोणती दारं बंद होतात हे माहीत असावं. इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, मर्चंट नेव्ही, एनडीएमधलं नौदल आणि हवाई दल, आणि साधारणपणे बीएससी आयटी व कॉम्प्युटर सायन्स, या सगळ्यांना बारावीचं गणित लागतं. ठरत नसेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेण्याची सोय असते. मेहनत वाढते, पण दोन्ही वाटा खुल्या राहतात. कॉमर्सला जाणाऱ्यांनीही गणिताचा पर्याय बिचकून टाळू नये, पुढे बँका, विमा, संख्याशास्त्र सगळीकडे तो कामाला येतो.

आणखी एक गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते. इंजिनिअरिंगच्या एमएचटी-सीईटीत २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असतात, प्रत्येकी दोन गुणांचे ५० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आणि साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात. त्यामुळे ‘अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष’ हे डोक्यातून काढून टाकावं.

घरी काय करता येईल? दहावीची गणिताची पुस्तकं रद्दीत देऊ नका, अकरावीभर ती शब्दकोशासारखी लागतात. तीन रकान्यांची वही पहिल्या आठवड्यातच सुरू करा. रोज एक प्रश्न मुलाला मोठ्याने वाचायला लावा आणि म्हणा, “मला समजेल असं सांग, काय विचारलंय?” तुम्हाला गणित यायची गरज नाही. तुम्हाला कळेपर्यंत त्याने सांगायचं, एवढंच. सांगता सांगता त्याचं त्यालाच समजतं. पहिल्या चाचणीचे गुण बघून विषय बदलू नका. दिवाळीपर्यंत थांबा, मग शिक्षकांना भेटा, आणि तेव्हा मुलाला बाहेर उभं करू नका, शेजारी बसवा. शिक्षकांना एकच विचारा, “याला गणित येत नाही, की प्रश्न समजत नाही?” उत्तर मिळालं नाही तर प्रश्नपत्रिका घरी आणा आणि तुम्हीच त्याला आपल्या भाषेत वाचून दाखवा, नाहीतर ताईला, मोठ्या भावाला वाचायला सांगा.

जून-जुलैत हा निर्णय अनेक घरांत व्हायचा आहे. घाई नको. चार महिन्यांचा सब्र फार महाग नाही.